पणजीचं नाव काय होतं?

दरवर्षी जून उजाडला की आमच्याकडे फायली यायला लागतात. बारावीचा निकाल लागलेला असतो, प्रवेशाच्या तारखा तोंडावर आलेल्या असतात आणि जात वैधता प्रमाणपत्राच्या अर्जातलं वंशावळीचं पान अर्धं रिकामं असतं. मुलगी स्वतःचं नाव लिहिते, वडिलांचं लिहिते, आजोबांचं लिहिते आणि थांबते. मग तिथूनच गावाकडे फोन लागतो. "पप्पा, पणजोबांचं नाव काय?" पप्पा म्हणतात, थोरल्या चुलत्यांना विचारून सांगतो. थोरले चुलते म्हणतात, शाळेत बघा. शाळा म्हणते, तलाठ्याकडे जा. आठ-पंधरा दिवसांनी एक नाव मिळतं, चौकटीत बसतं, कागद समितीपुढे जातात. प्रमाणपत्र हातात पडलं की फाईल कपाटात जाते आणि पणजोबांचं नावही तिच्यासोबत कपाटात जातं.

पणजीचं नाव तर अर्जात कुणी विचारतच नाही.

आम्ही समाजकार्याच्या निमित्ताने कोल्हापूर जिल्ह्यातल्या बौद्ध वस्त्यांवर फिरतो. समाजशास्त्राच्या एम.ए.ला असताना कुल, वंश, नातेव्यवस्था यांवर आम्ही पानंच्या पानं उत्तरं लिहिली होती. पण स्वतःच्या घरातली चौथी पिढी कुणी विचारली असती, तर आमची पाटी कोरीच होती. हे लक्षात आलं तेही दुसऱ्यांच्या फायली भरताना. तेव्हापासून आम्ही आमच्या घराचा इतिहास शोधतो आहोत आणि ओळखीच्या तरुणांनाही त्या कामाला लावतो आहोत. त्यामागची कारणं नीट सांगावीत म्हणून हा लेख.

कारण हा प्रश्न आम्हाला बाहेरच्यांपेक्षा आपल्याच कार्यकर्त्यांकडून जास्त येतो. बाबासाहेबांनी जे टाकून द्यायला सांगितलं, ते उकरून कशाला काढायचं? आपला इतिहास १४ ऑक्टोबर १९५६ ला सुरू होतो, त्याच्या आधी काय आहे, मेलेली ढोरं ओढणं आणि वेठबिगारच ना? एका वस्तीत तर एक आज्जीच आम्हाला म्हणाल्या, "काय करायचं हाय रं त्ये सगळं? आमी भोगलं तेवढं बास झालं."

हा आक्षेप आम्ही हलका समजत नाही. आपल्या देशात घराण्याचा इतिहास हे जन्माचा अभिमान मिरवण्याचं साधन राहिलं आहे. अमुक कुळी, तमुक गोत्र, आमचे पूर्वज किल्लेदार होते. आमच्या भागात हेळवी येतात. बैलावर बसून गावोगाव फिरणारे, यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवणारे वंशावळकार. त्यांच्या चोपड्यांना अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधात मोठा भाव आला. आमच्या वस्तीत हेळवी आल्याचं मात्र आमच्या घरातल्या कुणाला आठवत नाही. आपली वंशावळ म्हणायला कुणी बैलावरून येणार नाही, आणि आला तरी त्याच्यासारखी वंशावळ आपल्याला नकोच आहे. रक्त किती शुद्ध हे बुद्धाच्या शिकवणीत बसत नाही. माणूस जन्माने नव्हे, कर्माने ओळखावा ही आपली भूमिका.

पण कर्माने ओळखायचा तर त्याने काय केलं हे तरी माहीत पाहिजे. आमच्या शोधाचा अर्थ एवढाच. गावकीचं काम कुणी सोडलं, त्या दिवशी गावाने काय केलं, पोरीला शाळेत घालायचं कुणी ठरवलं, देव पंचगंगेत कुणी सोडले आणि ते सोडताना घरात कोण रडलं. आज आपण जिथं आहोत तिथं आपल्याला या निर्णयांनी आणून ठेवलं आहे. निर्णय घेणारी माणसं मोठी पुढारी नव्हती, म्हणून त्यांच्यावर पुस्तकं नाहीत. त्यांची नोंद फक्त घरातच होऊ शकते.

कागदावर एक, घरात एक

एका मुलाचं उदाहरण सांगतो. कागल तालुक्यातला, चळवळीत असलेला, तोंडात कायम बावीस प्रतिज्ञा. जात पडताळणीसाठी त्याने आजोबांच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा काढला. आजोबा १९५० च्या आधी शाळेत गेलेले, तिथं 'हिंदू महार' अशी नोंद. ते अपेक्षितच होतं. पण वडिलांचा दाखला १९७८ चा, त्यावरही 'हिंदू महार'. आणि धाकट्या चुलत्यांच्या दाखल्यावर 'बौद्ध'. मुलगा हादरला. धर्मांतराला वीस-बावीस वर्षं झाल्यावरही आजोबांनी थोरल्या मुलाला हिंदू कसं लिहिलं? घरात बुद्धाची मूर्ती आणि कागदावर हे? दोन दिवस तो आजोबांच्या फोटोकडे बघतही नव्हता.

याचं उत्तर त्याच्या घरात नव्हतं, दिल्लीत होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये त्यात शिखांची भर पडली. म्हणजे ज्या माणसाने बौद्ध म्हणून नाव लावलं, त्याचा केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीवरचा आणि नोकरीतल्या राखीव जागेवरचा हक्क गेला. महाराष्ट्राने राज्य स्थापन झाल्यावर आपल्या पातळीवर बौद्धांना सवलती सुरू केल्या, पण केंद्राचा कायदा बदलायला १९९० साल उजाडावं लागलं. मधली चौतीस वर्षं आपल्या लाखो घरांनी हा पेच आपापल्या परीने सोडवला. कुणी स्वाभिमानाने 'बौद्ध' लिहिलं आणि नुकसान सोसलं. कुणी थोरल्याला एक आणि धाकट्याला एक असं लावलं. कुणाच्या बाबतीत तर ठरवलं कुणीच नाही, मास्तरांनी विचारलंही नाही आणि जे लिहायचं ते लिहून टाकलं. (आपल्या आजोबा-आज्जीची जन्मतारीख १ जून असेल तर मास्तरांची लेखणी कशी चालायची हे वेगळं सांगायला नको.)

त्या मुलाने मग आज्जीला विचारलं. आज्जी म्हणाल्या, त्यांना रेल्वेत चिकटवायचं होतं थोरल्याला. बास, एवढंच. आजोबांनी धम्म विकला नव्हता, एका मुलाची भाकरी आणि दुसऱ्याचं नाव अशी वाटणी केली होती. ती बरोबर होती की चूक हे त्या मुलाने ठरवावं. पण आता तो माहिती घेऊन ठरवेल.

याचीच दुसरी बाजू अशी की ज्यांनी धैर्याने सरळ 'बौद्ध' लिहिलं, त्यांच्या नातवंडांना आज पुराव्यासाठी जास्त पळावं लागतं. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात. त्याआधीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने अर्जदारावरच टाकली आहे. धर्मांतरानंतर ज्यांच्या कागदावर नुसतं 'बौद्ध' आहे, त्यांना एक पिढी मागे जाऊन 'महार' शब्द शोधावा लागतो. जो शब्द पुसायला आजोबांनी आयुष्य घातलं, तो शोधायला नातू रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात बसतो. हे आम्ही दरवर्षी बघतो आणि दरवर्षी तितकंच टोचतं. म्हणून आमचं सांगणं असतं, रेकॉर्ड रूममध्ये गेलाच आहात तर नुसता तो शब्द घेऊन परत येऊ नका. त्या पानावर आणखी काय आहे तेही उतरवून घ्या.

शिरगणतीचंही असंच. १९५१ साली महाराष्ट्रातल्या बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १९६१ ला ती २७ लाख ८९ हजारांवर गेली. हा आकडा आपण भाषणात अभिमानाने सांगतो. पण त्या २७ लाखांत आपलं घर होतं का? शिरगणतीची वैयक्तिक माहिती कायद्याने गुप्त असते, ती कुणाला बघायला मिळत नाही. म्हणजे १९६१ च्या त्या दिवशी दारात आलेल्या माणसाला आपल्या आजोबांनी काय सांगितलं, हे फक्त घरातली आठवणच सांगू शकते. आणि ज्यांना ते आठवतं त्यांचं वय आज ऐंशीच्या पुढं आहे.

दीक्षा नेमकी कधी घेतली, हेही विचारा. आपल्याकडचे सगळेच काही नागपूरला गेले नव्हते. भाड्याला पैसे नव्हते. ७ डिसेंबर १९५६ ला दादरला बाबासाहेबांच्या अंत्यसंस्काराच्या वेळी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी तिथं जमलेल्या हजारो लोकांना दीक्षा दिली. मुंबईच्या गिरणीत किंवा गोदीत असलेले कोल्हापूरचे कितीतरी लोक त्या गर्दीत असणार. तुमच्या घरातलं कुणी होतं का?

'समस्त महार'

जुन्या कागदांत आपली माणसं शोधायला गेलं की पहिली अडचण नावाचीच येते. वतनी जमिनीच्या कागदांत बऱ्याच ठिकाणी मालकाच्या जागी 'समस्त महार' एवढंच असतं. पाटलाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, कुळकर्ण्याचं नाव, सगळं सविस्तर. आपली अख्खी वस्ती दोन शब्दांत.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा अनुभव इथं आठवतो. तिथल्या १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची यादी मालकाच्या नावाखाली होती. गुलामाचं वय, लिंग, रंग लिहिलेलं, नाव मात्र जवळपास कुठंच नाही. गुलामगिरी संपल्यावर १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा त्या माणसांची नावं आली. आजही घराचा इतिहास शोधणारी तिथली कुटुंबं १८७० ला येऊन भिंतीला धडकतात. अॅलेक्स हेली यांचं 'रूट्स' १९७६ मध्ये आलं आणि ती भिंत ओलांडता येईल अशी आस लाखोंना लागली. त्यातल्या अनेक तपशिलांवर पुढं वाद झाले, ते व्हायलाच हवे होते. पण माणसं आपापल्या आज्यांकडे जाऊन बसली, हे मोठं काम झालं.

आपली भिंत गावागणिक वेगळ्या ठिकाणी आहे. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतन रद्द करून त्या जमिनी रयताव्याने महारांच्या मालकीच्या करण्याचा निर्णय घेतला. मुंबई इलाख्यात मात्र वतन चालूच राहिलं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये कायदेमंडळात वतन सुधारणेचं विधेयक मांडलं, ते पार पडू शकलं नाही. कनिष्ठ गाव वतनं नष्ट करणारा मुंबई राज्याचा कायदा आला तो १९५८ चा. म्हणून शोध सुरू करताना पहिला प्रश्न हा विचारायचा की आपलं गाव तेव्हा कुणाच्या अंमलाखाली होतं? करवीर संस्थानच्या खालशात, की कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा अशा एखाद्या जहागिरीत? चंदगड तर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होतं. उलट रायबाग कोल्हापूर संस्थानात होतं, आज ते कर्नाटकात आहे. रायबागकडच्या एका कुटुंबाने वर्षभर बेळगावात हेलपाटे घातले आणि त्यांचा जुना कागद शेवटी कोल्हापुरात निघाला. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. त्याआधीचे कागद बहुतेक मोडीत आहेत. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. आपल्यातल्या दर तालुक्यातल्या दोघा-तिघांनी जरी मोडी शिकून घेतली, तरी दुसऱ्याच्या वाचनावर आपल्याला अवलंबून राहावं लागणार नाही. हे आम्ही अगदी मनापासून सांगतो, कारण मोडी वाचून देण्याच्या नावाखाली पोरांकडून हजारो रुपये उकळणारे दलाल आम्ही बघितले आहेत.

नाव सापडलं तरी ते ओळखता आलं पाहिजे. जुन्या कागदांत आडनाव नसतंच. आपल्या पुरुषांच्या नावापुढं 'नाक' लागतं. भीमा कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली 'नाक' शेवटाची नावं आपण दर १ जानेवारीला वाचतोच. आडनाव आलं शाळेबरोबर. ७ नोव्हेंबर १९०० ला साताऱ्याच्या शाळेत भिवा रामजी या मुलाचं नाव दाखल झालं. वडिलांचं मूळ आडनाव सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि पुढं सगळं जग ज्या नावाने ओळखतं ते आंबेडकर. शाळेचं ते रजिस्टर आजही जपून ठेवलेलं आहे. म्हणजे बाबासाहेबांच्या घरातसुद्धा एका पिढीत आडनाव बदललं. मग आपल्या पणजोबांचं आडनाव वेगळं निघालं तर घाबरायचं कारण नाही. आमच्या जिल्ह्यात कांबळे हे आडनाव बौद्ध, मातंग, चर्मकार अशा सगळ्यांत आहे. नुसत्या आडनावावरून उतारा काढला की भलत्याच घराची वंशावळ हातात येते. असं झालेलं आहे, आणि समितीपुढे गेल्यावर ते लक्षात आलेलं आहे.

तलाठ्याकडचे फेरफार, गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, त्यालाच गावात कोतवाल बुक म्हणतात, आणि शाळेचं जनरल रजिस्टर. एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. भूमी अभिलेख विभागाच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावरही जुने कागद स्कॅन करून ठेवलेले आहेत, सगळ्याच गावांचे मिळतात असं नाही. वडिलांच्या बहिणीचा म्हणजे आत्याचा लग्नाआधीचा शाळेचा दाखला रक्तनात्याचा पुरावा म्हणून चालतो, हे कितीतरी जणांना माहीत नसतं.

जमिनीचंही बोललं पाहिजे. वतनी जमीन विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा लागतो. तरीही अशा जमिनी कुणाकुणाच्या घशात गेल्या हे आपण बघतो आहोत. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याजवळच्या मुंढव्यातल्या महार वतनाच्या जमिनीवरून केवढा गदारोळ झाला ते ताजंच आहे. अशा वेळी आपण वारस आहोत हे सांगायला निदान चार पिढ्या नीट मांडता आल्या पाहिजेत. पण एक सावधगिरी. नातेवाइकांत तुम्ही घराचा इतिहास विचारायला लागलात की पहिला संशय जमिनीचाच येतो. आमच्याही घरात आला. एका काकांनी आम्हाला स्पष्टच विचारलं, "हिस्सा मागायला आलाय काय?" त्यांच्याकडे चहा मिळायला मग सहा महिने लागले.

बायकांचा मागमूस

कागद वाचता वाचता एक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागते. त्यात बायका नाहीत. असल्याच तर विधवा म्हणून, किंवा हक्कसोड करणारी बहीण म्हणून. वंशावळीच्या प्रतिज्ञापत्रात मुली गाळतात. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. तरी बुद्ध-भीमाचे फोटो लावलेल्या घरांतही बहिणीचं नाव झाडावर नसतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर राज्याने आईचं नाव सक्तीचं केलं. तिच्या आईचं आणि तिच्याही आईचं नाव मात्र आता आपणच शोधायचं आहे.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गावोगाव जाऊन भेटून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' काढलं. तेव्हा बोललेल्या बायकांपैकी आज किती हयात असतील? तसं काम प्रत्येक तालुक्यात व्हायला हवं होतं. झालं नाही. आपण सभा घेतल्या.

गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यातल्या एका मुलीला तिच्या आजोबांच्या शाळेच्या नोंदीत वडिलांच्या जागी बाईचं नाव सापडलं. पणजीला यल्लम्माला सोडलेलं होतं. घरात सगळ्या मोठ्यांना ठाऊक होतं आणि सत्तर वर्षं कुणी शब्द काढला नव्हता. शाहू महाराजांच्या काळात, १९२० मध्ये, कोल्हापूर संस्थानात या प्रथेविरुद्ध कायदा झाला. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये झाला. प्रथा कायद्याने लगेच थांबत नसते. ती मुलगी आमच्याकडे येऊन बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "हे मी अर्जाला जोडू का नको?" आम्ही म्हटलं, अर्जाला लागेल तेवढंच जोड, बाकीचं तुझं आहे. पुढं तिनेच आज्जीकडून काढून घेतलं की त्या पणजीने देवीला सोडलेली असताना मुलाला शाळेत घातलं, रोज शाळेच्या दारापर्यंत स्वतः सोडायला जायची, आणि स्वतःच्या मुलीला देवीला सोडायला साफ नकार दिला. घरात जिला लपवून ठेवलं होतं, तिनेच ती साखळी तोडली होती. आता त्या मुलीच्या घरात पणजीचा विषय निघतो. अजून हळू आवाजात निघतो, पण निघतो.

प्रत्येक घरात असं काही निघेल असं नाही. निघालं तर मात्र ते ज्याचं आहे त्याच्या संमतीशिवाय बाहेर जाता कामा नये. जपानमधली गोष्ट या बाबतीत आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असावी. तिथला बुराकू समाज आपल्यासारखाच अस्पृश्य मानलेला. १८७१ मध्ये सरकारने भेद रद्द केला, पण १८७२ ला जी कुटुंब नोंदवही तयार झाली तिच्यात कित्येक ठिकाणी त्यांना 'नवे सामान्यजन' अशा शब्दांनी वेगळं दाखवलं गेलं. शंभर वर्षं त्या वह्या चाळून लोकांनी सोयरिकी मोडल्या, नोकऱ्या नाकारल्या. शेवटी १९६८ मध्ये त्या लोकांसाठी बंद कराव्या लागल्या. त्यानंतरही १९७५ मध्ये उघड झालं की बुराकू वस्त्यांच्या याद्या छापून कंपन्यांना विकल्या जात होत्या. आणखी वाईट वाटेल अशी गोष्ट, तिथल्या काही बौद्ध मंदिरांनी मेलेल्या बुराकू माणसांना हीनतादर्शक धर्मनावं दिली होती. म्हणून हयात माणसांची वंशावळ जातीच्या नोंदीसह इंटरनेटवर टाकू नका. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर तर नकोच. वही घरात ठेवा, एक प्रत बहिणीकडे ठेवा.

बहिणीकडे प्रत ठेवा असं सांगण्याला कारण आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोळ, करवीर, हातकणंगले भागातल्या घरांत पाणी छतापर्यंत गेलं. जुलै २०२१ ला पुन्हा आलं. पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीच्या कामात होतो तेव्हा लोक धान्यापेक्षा ट्रंका उघडून बघत होते. दीक्षेच्या वेळचा फोटो, पलटणीतल्या आजोबांचं पासबुक, समता सैनिक दलाचा बिल्ला, जुने सातबारे. कागदाचा लगदा झालेला. आपल्या वस्त्या बहुतेक गावाच्या सखल बाजूला आहेत, त्या तिथं का आहेत हे आपल्याला ठाऊक आहे. पूर पहिला आपल्याकडे येतो.

तोंडी आठवणीचं मात्र असं आहे की ती जशीच्या तशी खरी धरता येत नाही. माणगाव परिषदेचंच घ्या. २१ आणि २२ मार्च १९२० ला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झालेली ती परिषद, शाहू महाराज स्वतः आलेले. आमच्या जिल्ह्यात ज्या घरात जाल त्या घरातले पणजोबा माणगावला होते! सगळ्यांचं खरं धरलं तर माणगावच्या शिवारात उभं राहायला जागा पुरली नसती. आम्ही आधी असं काही ऐकलं की मनातल्या मनात हसायचो. आता पुढचा प्रश्न विचारतो. कसे गेले, चालत की बैलगाडीने? मुक्काम कुणाच्यात? कुणी सांगितलं तुम्हाला? खोटं असेल तर तिथंच विरतं. एका म्हाताऱ्या मामांनी मात्र सांगितलं की त्यांचे आजोबा गेले नव्हते, पाटलाने त्या दोन दिवसांत मुद्दाम काम लावलं होतं, आणि ते आयुष्यभर ती गोष्ट मनाला लावून घेत राहिले. या आठवणीवर आमचा विश्वास बसला. न गेलेल्या माणसाची गोष्ट कोण कशाला रचेल?

राजघराण्याशी किंवा नागवंशाशी आपल्या घराचं थेट नातं जोडणाऱ्या वंशावळीही हल्ली फिरतात. अस्पृश्यांचे पूर्वज बौद्ध होते ही मांडणी बाबासाहेबांनी १९४८ च्या ग्रंथात केली, ती समाजाच्या इतिहासाची मांडणी आहे. त्यावरून आपल्या घराची पिढी क्रमांक चाळीस काढून देणारा माणूस हेळव्याचाच धंदा करतो आहे, फक्त बैल नाही.

दवाखान्याचं एक साधं कारण राहिलं. साखर, रक्तदाब, हृदयाचा आजार घरात कुणाला होता हे डॉक्टर विचारतात आणि आपण मान हलवतो. दक्षिण महाराष्ट्रात मामा-भाचीची, आत्या-मामाच्या मुलांची लग्नं आपल्यात पूर्वापार आहेत. लहान वयात गेलेली मुलं कुणाची, कशाने गेली, हे लिहून ठेवलेलं पुढच्या पिढीच्या उपयोगी पडेल.

आमच्या स्वतःच्या पणजीचं काय झालं ते सांगून थांबतो. घरात तिला सगळे 'कागलकरीण' म्हणायचे. माहेरच्या गावावरून. आजोबा गेले तेव्हा कळलं की त्यांच्या आईचं नाव त्यांना कुणी कधी विचारलंच नव्हतं, आम्हीही नाही. कोतवाल बुकात आजोबांच्या जन्माची नोंद मिळाली, त्यात बापाचं नाव आणि जात आहे, आईचा रकानाच नाही. मग थोरल्या आत्याकडे गेलो. तिने एक नाव सांगितलं. मधल्या आत्याने ते ऐकून हसून दुसरंच सांगितलं, म्हणाली पहिलं माहेरचं, लग्नात बदललं. थोरली म्हणते, बदललं नव्हतं, तुला काय ठाऊक, तू कडेवर होतीस. दोघींचं चांगलंच वाजलं. आम्ही दोन्ही नावं वहीत लिहिली आहेत, कोणतं कुणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला हेही लिहिलं आहे. धाकटी आत्या उत्तूरला असते, तिला ऐकायला कमी येतं. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने तिच्याकडे जायचं आहे.